आधी गियर टाकून दाखवा!

आमच्या प्रतापनगरात ‘ट्रकवाला’ हा शब्द नाम नसून विशेषण आहे. कोणी पानाची पिंक टाकली की ‘अगदी ट्रकवाला!’ पोराने सायकल जोरात हाणली की ‘ट्रकवाला व्हायचंय का?’ मीसुद्धा हा शब्द चाळीस वर्षं सढळ हाताने वापरला. बँकेत नोटा मोजण्यात जन्म गेला. शिव्या मात्र कधी मोजल्या नाहीत.

हल्ली मी तो शब्द तसा वापरत नाही. वापरणाऱ्याशी भांडतो. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळाने त्यामुळे मला जवळजवळ वाळीत टाकलं आहे. तिथे कोणी ऐकून घेईना, म्हणून वाचकहो, तुम्हाला गाठलं.

झालं असं. नागपूर म्हणजे तव्यासारखं गाव: सपाट आणि तापलेलं. इथे चढ म्हणून जो काय आहे तो उड्डाणपुलाचा. अशाच एका चढावर माझ्यापुढचा भरलेला ट्रक मध्येच उभा राहिला. मी आधी हॉर्न वाजवला, मग तोंड वाजवलं, शेवटी खाली उतरून ड्रायव्हरच्या दाराशी गेलो आणि ओरडलो, ‘‘साधा गियर टाकता येत नाही, तर ट्रक कशाला चालवता?’’

पंचावन्नच्या घरातला माणूस. हँडब्रेक ओढलेलाच होता. त्याने दार उघडलं, किंचित सरकला आणि म्हणाला, ‘‘या साहेब. टाकून दाखवा.’’

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडून तरी मोकळा झालो असतो. मी पुटपुटलो, ‘‘हे माझं काम नाही.’’

‘‘मंग रविवारी वाडीले या. शिकवतो.’’

वाडी म्हणजे आमच्या अमरावती रोडवरचं ट्रान्स्पोर्टचं माहेरघर. श्रीनगर-कन्याकुमारी आणि हजिरा-पारादीप हे दोन महामार्ग नागपुरात एकमेकांना भेटतात. देशाचा माल आमच्या अंगणातून जातो आणि आम्ही झिरो माइलचा दगड पाहुण्यांना दाखवून कृतकृत्य होतो. ‘‘या वयात?’’ असं सौ. म्हणाली, आणि या वयातल्या सगळ्या नवऱ्यांप्रमाणे तेवढ्यासाठीच मी गेलो. गोदामामागे मोकळी आवार होती. गाडी रिकामी, मैदान रिकामं, आणि दहा मिनिटांत कळलं की माझं डोकंही रिकामं.

उस्तादांची ओळख झाली. (‘ए ड्रायव्हर’वरून ‘उस्ताद’वर मी पहिल्याच क्लचला आलो. तो दाबायला माझे दोन्ही पाय लागले असते.) त्यांचे वडीलही ट्रकवरच होते, ‘मर्सिडीज’वर. विनोद नाही. 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार केला आणि 1969 पर्यंत आपले ट्रक टाटा-मर्सिडीज म्हणूनच धावले. माझ्या साडूने हप्त्यावर मर्सिडीज घेतल्यापासून तो आमच्याशी नीट बोलत नाही. उस्तादांच्या वडिलांनी मर्सिडीजमधून कांदे वाहिले आणि उस्ताद माझ्याशी नीट बोलत होते.

आता गियरकडे येतो. आपल्या कारच्या गियरपेटीत सिंक्रोमेश नावाची सोय असते. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या चक्रांची गती ती आधी जुळवून देते, मग गियर पडतो. लग्न जमवणाऱ्या काकूंसारखी. उस्तादांच्या गाडीतल्या काकू फार म्हाताऱ्या झाल्या होत्या. तेव्हा दोन्हीकडची बोलणी ड्रायव्हरनेच करायची. त्याचं नाव डबल क्लच. क्लच दाबा, गियर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. पुन्हा दाबा, वरचा गियर टाका. हे सोपं. खालचा गियर टाकताना मात्र न्यूट्रलमध्ये क्लच सोडला की नेमका हवा तेवढा अॅक्सिलरेटर द्यायचा आणि इंजिनाची गती वर आणायची, तर चक्रं जुळतात. कमी दिला तर कर्रर्र. जास्त दिला तरी कर्रर्र. हे सगळं एका श्वासात, गाडी चालू असताना, आरशात बघत.

मी पहिला गियर टाकला आणि गोदामावरची कबुतरं उडाली.

‘‘जोर कायले लावून राहिले, साहेब? ते गियर हाये, बँकेची तिजोरी नाही. हात नका लावू, कान लावा. इंजिन सांगते कधी टाकाचा ते.’’

मी कान लावला. इंजिन काही माझ्याशी बोललं नाही. तिसऱ्या रविवारी ते एकदाच बोललं. तिसऱ्याचा दुसरा गियर लोण्यातून सुरी जावी तसा पडला. क्लीनर पोराने टाळी वाजवली. बँकेतल्या निरोप समारंभातसुद्धा मला इतकं गहिवरून आलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी माझं डोकं फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

कारण उस्तादांनी खरा पाठ तेव्हा दिला. भरलेला ट्रक ज्या गियरमध्ये घाट चढतो, त्याच गियरमध्ये उतरवायचा. मग इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केलात तर सगळा भार ब्रेकवर; ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. इंजिनच बंद केलंत तर त्याहून वाईट, कारण ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात उस्ताद हे वर्षानुवर्षं करत आले. 2022 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या नवले पुलावर एका टँकरने उतारावर चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या, तेव्हा ड्रायव्हरने इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात सांगितलं गेलं. आमच्या मंडळाने लगेच निकाल दिला: ‘‘ट्रकवाले! अक्कलच नाही.’’

अक्कल नाही? मग विचारतो, ती द्यायची कोणी? मी उस्तादांना विचारलं, लोक न्यूट्रल का करतात? ‘‘डिझेल वाचते म्हणतात. काही मालक नापून डिझेल देते, वर लागलं तर पगारातून कापते.’’ म्हणजे घाटातला गियर हिशेबाच्या वहीत ठरतो! आणि गंमत बघा, आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गियरमध्ये राहून पाय उचलला की डिझेल बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला ते जळत राहतं. जीव टांगणीला, आणि बचत शून्य. बँकेतल्या माणसाला यापेक्षा मोठं दुःख नाही.

बरं, सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 15 वा नियम काढून वाचा. उतारावर चटकन खालचा गियर टाकता यावा, उभ्या चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघता यावं, हे सगळं परीक्षेत बघायचं असं लिहिलेलं आहे. कागद शहाणा आहे हो! पण तव्यासारख्या गावात भरलेला ट्रक आणि खरा उतार उमेदवाराला दाखवणार कोण? 2019 पर्यंत ट्रकच्या लायसनला आठवी पास असल्याचा दाखला लागे. आठवीत मी संस्कृतमध्ये पहिला आलो होतो. चक्रं जुळवताना ‘रामः रामौ रामाः’ काही कामाला आलं नाही.

खरी शाळा ती क्लीनरची सीट. टाळी वाजवणारं ते पोरगं एकोणीस वर्षांचं. कायद्याने वीस पूर्ण झाल्याशिवाय आणि हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं झाल्याशिवाय त्याला शिकाऊ परवानासुद्धा नाही, आणि ते योग्यच आहे. पण तोवर ते काचा पुसतं, टायर ठोकून बघतं आणि उस्तादांचा पाय बघत बसतं. शिकवण्याचे उस्तादांना कोणी चार पैसे देत नाही. आमच्या मंडळींची मुलं कोचिंग क्लासला लाखो रुपये भरतात, तिथे गणित चुकलं तर मार्क जातात. इथे चुकलं तर माणसं जातात, आणि फी काय, तर उस्तादांची मर्जी!

‘‘आता ऑटोमॅटिक ट्रक आलेत,’’ असं आमचे एक निवृत्त इंजिनियर म्हणतात. आलेत. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिनसुद्धा सक्तीची झाली. आमच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बसून बघा, म्हणजे ती किती उशिरा झाली ते कळेल. पण जुने ट्रक काही एका रात्रीत मोडीत जात नाहीत. आणि ऑटोमॅटिकलाही उतारावर खाली धरून ठेवावं लागतं. ते कळायला माणूसच लागतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. खरा चढ-उतार आणि वजन भरलेली गाडी असल्याशिवाय हेवी लायसनची परीक्षा घेऊ नका. शिकवणाऱ्या उस्तादाला पैसे द्या. घाटातल्या डिझेलवरून पगार कापू नका. आणि 2024 च्या जानेवारीत ट्रकवाल्यांनी दोन दिवस गाड्या उभ्या केल्या तेव्हा पेट्रोल पंपावर रांग लावून आपण काय बोललो होतो, ते जरा आठवा.

हो, एक राहिलंच. त्या दिवशी चढावर ट्रक का थांबला, हे मी उस्तादांना विचारलं होतं. गियर बदलतानाच एक पांढरी कार पुढे घुसली, म्हणून ब्रेक मारावा लागला. ती कार माझी नव्हती. पण तशी मी शंभरदा घुसवली आहे.

परवा पुन्हा त्याच पुलावर एक ट्रक उभा राहिला. मी स्वस्थ बसलो. मागच्या गाडीतले गृहस्थ हॉर्न वाजवून थकले, मग काच खाली करून ओरडले, ‘‘साधा गियर टाकता येत नाही या ट्रकवाल्याला!’’

मी उतरलो, त्यांच्याजवळ गेलो आणि आदबीने म्हणालो, ‘‘या साहेब. रविवारी वाडीला या.’’