नियम खेळाआधी सांगावा

नियम माहीत नसणे वेगळे आणि एकाच मैदानात दोन नियम नांदणे वेगळे. हांगझूच्या आशियाई स्पर्धेतील पुरुष कबड्डीच्या अंतिम सामन्यात हा फरक साऱ्यांना दिसला. दिवस होता 7 ऑक्टोबर 2023. भारत आणि इराण 28-28 असे बरोबरीत होते आणि खेळ संपत आला होता. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला स्पर्श होण्याआधीच राखीव क्षेत्रात शिरला. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही तिकडे धावले. मग बाद कोण?

राखीव क्षेत्र म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांची एकेक मीटरची पट्टी. स्पर्श होईपर्यंत ती मैदानाबाहेर, झटापट सुरू झाली की मैदानात. तेव्हा पवन बाद, हे उघडच होते. परंतु जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याच्यामागे गेलेले बचावपटूही बाद. प्रो कबड्डीत रुळलेल्या नियमाप्रमाणे मात्र एकटा चढाईपटू बाद. निकाल फिरत राहिला, खेळाडूंनी मैदानातच बसकण मारली आणि सामना तासभर थांबला. अखेर कौल भारताच्या बाजूने लागला. आपण 33-29 असे जिंकलो.

दसरा यायचा होता. आमच्या शिरूर कासारच्या ऊसतोड टोळ्या अजून गावातच होत्या. हॉटेलात एका मोबाईलभोवती दहा डोकी जमली होती आणि एक पोरगा टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोटाने रेषा ओढून राखीव क्षेत्र समजावून सांगत होता. एक म्हातारे मुकादम एवढेच म्हणाले, ‘‘नियम व्हता तर खेळाआधी सांगायचा की! डाव मोडल्यावर कशाला?’’

मला ते बोलणे इराणच्या बाजूचेही वाटले. आपण जिंकलो म्हणून त्यांची तक्रार खोटी ठरत नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये डिसेंबर 2024 मध्ये कॅमेरॉन डिकर या खेळाडूने एका जवळजवळ विसरल्या गेलेल्या नियमाचा आधार घेऊन 57 यार्डांवरून गोल केला. तसा गोल 1976 नंतर झालाच नव्हता. प्रेक्षक चक्रावले, पण कुणावर अन्याय झाला नाही. नियम पुस्तकात होता आणि दोन्ही संघांना एकच होता.

बँकेच्या नोकरीत मी हजारो परिपत्रके वाचली. ती यायची आमच्या टेबलावर. ज्याच्यासाठी निघालेली, त्या शेतकऱ्याला ती कळायची अर्ज नाकारला गेल्यावर. पीक विम्याचेच पाहा. 2023च्या खरिपात एका रुपयात विमा मिळाला, ही बातमी घरोघर पोहोचली. गारपिटीसारखे नुकसान झाले तर 72 तासांच्या आत कळवावे लागत होते, हे कलम किती घरांत पोहोचले? पुढे 2025च्या खरिपात राज्याने ती योजनाच बदलली आणि भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवला. म्हणजे पुन्हा नवा नियम, पुन्हा जुनेच शेतकरी.

ज्यांना कबड्डीतली मीटरभर पट्टी तासाभरात समजते, त्यांना विम्याचे कलम समजणार नाही असे मानणे हा उद्धटपणा आहे. समजत नाही, कारण कुणी सांगत नाही. पेरणीआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर साध्या मराठीत दहा ओळी लिहायला किती खडू लागतो? ज्याच्यावर निकाल लागायचा, त्याला आधी न कळलेला नियम हा नियम नव्हे. ती पंचाची मर्जी होय.