फी भरण्याआधी रिकी लीला भेटा

‘दोन वीकेंडमध्ये पटकथा शिका, शेवटी सर्टिफिकेट.’ तुमच्या फीडमध्ये अशा जाहिराती येत असतीलच. एकांकिकेच्या दुसऱ्या ड्राफ्टवर अडकलेल्या कुणालाही त्या खुणावणारच. पण फीचे काही हजार भरण्याआधी मनिलातल्या एका माणसाची ओळख करून घ्या. त्याचं नाव रिकी ली. फिलिपिन्सच्या सिनेमासाठी दीडशेहून जास्त पटकथा लिहिलेला हा लेखक १९८२ पासून पटकथालेखनाच्या कार्यशाळा घेतोय. एक पैसा न घेता.

फुकट का? ‘समाजसेवा’ म्हणून विषय संपवू नका. माझ्या मते उत्तर त्याच्या आयुष्यात आहे.

जन्म १९४८ चा, दाएत नावाच्या गावातला. आई लहानपणीच गेली, वाढवलं नातेवाइकांनी. लिहायच्या ओढीने पोरगा मनिलाला पळाला, मिळेल ते काम केलं, उपाशी दिवस काढले. युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपीन्समध्ये इंग्रजीला प्रवेश मिळाला, पण डिग्री काही पूर्ण झाली नाही. पुढे त्याच विद्यापीठात त्याने पटकथा शिकवली! (हे वाचून कॉलेज सोडायचे बेत करू नका. त्या उपासमारीत रोमँटिक काही नव्हतं.)

१९७२ मध्ये अध्यक्ष फर्डिनांड मार्कोसने मार्शल लॉ लावला. डाव्या लेखक चळवळीतला रिकी भूमिगत झाला, पकडला गेला आणि १९७४ मध्ये फोर्ट बोनिफासिओच्या तुरुंगात पोहोचला. सुटल्यावर तो सिनेमाकडे वळला. जोसे लकाबा हा कवी-पत्रकारही त्याच राजवटीचा कैदी. या दोघांनी मिळून लिनो ब्रोकासाठी ‘जॅग्वार’ लिहिला. मालक आपल्याला मित्र मानतो अशा भ्रमात असलेला एक सिक्युरिटी गार्ड आणि त्या भ्रमाची किंमत, एवढीच गोष्ट. १९८० मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत पोहोचलेला हा पहिला फिलिपिनो सिनेमा.

मग आला ‘हिमाला’, १९८२ मध्ये. नाव ऐकून हिमालय आठवला ना? टॅगालोगमध्ये ‘हिमाला’ म्हणजे चमत्कार. दुष्काळाने होरपळलेलं एक गाव. एल्सा नावाची मुलगी सांगते, मला मेरीमातेचं दर्शन झालं. बघता बघता रांगा लागतात, दुकानं थाटली जातात, पैसा खेळू लागतो. शेवटी एल्सा हजारोंच्या गर्दीसमोर उभी राहून म्हणते की चमत्कार वगैरे काही नसतो, देव आणि शाप आपणच घडवतो. पुढे काय होतं ते सांगत नाही. नोरा ऑनरचा चेहरा आणि इश्माएल बर्नालचं दिग्दर्शन, हे स्वतःच बघा.

गंमत म्हणजे या सिनेमाला पैसा दिला मार्कोस सरकारनेच स्थापन केलेल्या संस्थेने. ज्या राजवटीने तुरुंगात टाकलं, तिच्याच पैशावर सिनेमा? तडजोड म्हणणारे म्हणोत. मला तरी वाटतं, तारणहाराच्या शोधात निघालेल्या गर्दीची गोष्ट हुकूमशहाच्या खर्चाने सांगणं, याहून चोख हिशेब दुसरा नसेल.

कार्यशाळा सुरू झाल्या त्या याच वर्षी. गोष्ट कोणी सांगायची हे सरकार ठरवू पाहत होतं, त्या काळात. आता तेच फी ठरवते. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो लिहितच नाही, आणि मग पडद्यावर सिक्युरिटी गार्ड फक्त दार उघडायला येतो. रिकीचं फुकट शिकवणं मला म्हणूनच दान वाटत नाही, ते राजकारण आहे. चांगल्या अर्थाने.

त्याच्या पटकथालेखनाच्या पुस्तकाचं नाव आहे ‘ट्रिप टू कियापो’. कियापो हा मनिलातला चर्चचा, बाजाराचा, तुडुंब गर्दीचा भाग. तिथे जायला वाटा अनेक, तसंच लिहिण्याचंही. ‘पंचविसाव्या पानावर ट्विस्ट हवाच’ असं शिकवणाऱ्यांना हे जरा जड जाईल.

जून २०२२ मध्ये त्याला ‘नॅशनल आर्टिस्ट’ हा देशाचा सर्वोच्च कलासन्मान जाहीर झाला. त्याच महिनाअखेर अध्यक्षपदाची शपथ घेतली मार्कोसच्या मुलाने. असं कुणी पटकथेत लिहिलं असतं तर ‘फारच जुळवून आणलंय’ म्हणून आपणच नाकं मुरडली असती.

सुरुवात कुठून करायची? ‘हिमाला’ नंतर बघा, आधी ‘मॉरल’ बघा. तोही १९८२ चाच, दिग्दर्शक मॅरिलू डियाझ-अबाया. चार मैत्रिणी आहेत. त्यातल्या एकीला गायिका व्हायचंय आणि गळा बेताचाच आहे. अशी एक तरी तुमच्या ग्रुपमध्ये सापडेल.