वनस्पतिशास्त्राचे गुरुजी आणि खोडदच्या तबकड्या

दहावीच्या विज्ञानाची पुस्तकं दोन. भाग 1 गुरुत्वाकर्षणापासून सुरू होतो, भाग 2 आनुवंशिकतेपासून. गावच्या शाळेत मात्र शिक्षक बहुधा एकच. त्यांची पदवी वनस्पतिशास्त्राची असेल, तर भिंगांचा धडा आदल्या रात्री स्वतः शिकून वर्गात उभं राहावं लागतं. हा त्यांचा दोष नव्हे.

जुन्नर-आंबेगावात त्यांच्या मदतीला परिसर आहे. खोडदजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीतून रेडिओ लहरी आरपार का जात नाहीत? लहरीची लांबी छिद्रांपेक्षा कितीतरी मोठी असते म्हणून. एवढ्या एका प्रश्नावर तरंगांचा अख्खा तास रंगतो. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे भरणाऱ्या प्रदर्शनात मुलं जातात. पण त्याआधी शिक्षकांसाठी एक निवांत दिवस तिथे हवा, अडलेलं मोकळेपणानं विचारायला.

उलट बाजूही आहे. पदार्थविज्ञानाच्या बाईंना भीमाशंकरचं रान परकं वाटू शकतं. पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी घरांतली मुलं हिरडा वेचतात, वाळवतात. झाड त्यांना बाईंपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्या हिरड्याच्या काढ्यात गंजलेला खिळा टाकला की टॅनिन आणि लोह मिळून पाणी काळंनिळं होतं. मुलांचं झाड, बाईंचं रसायन.

शेजारच्या दोन शाळांनी आठवड्यातून एकदा शिक्षकांची अदलाबदल करावी. वेळापत्रकात तेवढी जागा आणि एसटीचं भाडं शिक्षण विभागानं द्यायला हवं.