कर्करोग, शर्करा आणि प्राणवायु

कर्करोग प्राणवायूच्या अभावानें होतो असें एका नोबेल पारितोषिकविजेत्या शास्त्रज्ञानें सिद्ध केलें असून दीर्घ श्वसन केल्यानें व साखर सोडल्यानें तो हटतो, असा मजकूर हल्लीं घरोघर फिरत असतो. त्यांत सत्याचा अंश किती, याचा विचार आम्हीं या खेपेस योजिला आहे.

हे शास्त्रज्ञ म्हणजे जर्मनींतील ऑटो वारबुर्ग (१८८३-१९७०). निरोगी पेशी प्राणवायूच्या साह्यानें द्राक्षशर्करा पूर्ण जाळून शक्ति मिळवितात. प्राणवायु अपुरा पडला म्हणजे ती अर्धवट मोडून तिचें दुग्धाम्ल करितात. दह्यास आंबटपणा येतो तो याच अम्लामुळें. कर्करोगाच्या गांठींतील पेशी प्राणवायु मुबलक असतांही पुष्कळशी शर्करा अशीच अर्धवट मोडतात, असें वारबुर्ग यांस १९२० नंतरच्या दशकांत बर्लिन येथें आढळलें. यावरून पेशींच्या श्वसनांतील बिघाड हेंच रोगाचें मूळ, असा सिद्धांत त्यांनीं मांडला. १९३१ सालचें पारितोषिक मात्र त्यांस श्वसनास चालना देणाऱ्या द्रव्यावरील संशोधनाबद्दल मिळालें. या सिद्धांताबद्दल नव्हे.

त्यांचें निरीक्षण खरें ठरलें. निष्कर्ष टिकला नाहीं. बहुतेक कर्करोगांच्या पेशींत श्वसनाची यंत्रणा शाबूत असते. मूळ दोष पेशींची वाढ आवरणाऱ्या जनुकांत असतो, आणि शर्करेची हांव त्यामागून येते.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास धूम आणि अग्नि यांचा दृष्टांत परिचित आहे. धूम हें अग्नीचें गमक होय, कारण नव्हे. येथेंही तसेंच आहे. 'पेट स्कॅन' या तपासणींत किंचित् किरणोत्सर्गी असें शर्करासदृश द्रव्य शिरेंतून देतात. तें जेथें अधिक सांठतें, तेथें रोगाचा संशय धरितात. धुरावरून अग्नीचा ठाव लागतो; पण धूर हांकल्यानें अग्नि विझत नाहीं. निरोगी माणसाचें रक्त साध्या श्वासानेंही प्राणवायूनें शेंकडा ९५ हून अधिक भरलेलें असतें. आणि साखर वर्ज्य केली तरी यकृत रक्तांतील शर्करा राखीतच असतें.

आपल्या घरांतील स्त्रिया स्तनांतील गांठ संकोचानें बोलून दाखवीत नाहींत. दाखविलीच तर असे घरगुती उपाय प्रथम पुढें येतात. वडील मंडळींनीं हें होऊं देऊं नये. तज्ज्ञाकडे आधीं न्यावें. दीर्घ श्वसनास आमचा विरोध नाहीं. त्याच्या भरंवशावर गेलेले महिने मात्र परत मिळत नाहींत.