दर्यातून जमीन काढणारा माणूस

मुंबईकराला सुखी माणूस कोण असे विचारा; ‘ज्याला जागा मिळाली तो!’ असेच उत्तर येईल. म्हणून यंदा मी वाचकांना अशा एका गृहस्थाची ओळख करून देणार आहे, की ज्याला जमीन पुरेना तेव्हा त्याने ती समुद्रातून काढली.

कॅचिक पॉल चेटर हा कलकत्त्याचा आर्मेनियन मुलगा. जन्म १८४६ चा. लहानपणीच आईबापांचे छत्र गेले. ला मार्टिनिएर शाळेत शिकला आणि १८६४ साली हाँगकाँगला बहिणीच्या बिऱ्हाडी जाऊन राहिला. आधी बँकेत कारकुनी, मग सोन्याचांदीची दलाली. भागीदार कोण, तर मुंबईहून तिकडे गेलेले पारशी गृहस्थ होरमसजी मोदी!

हाँगकाँगला पाठीशी डोंगर, पुढ्यात पाणी आणि मधे चिंचोळी पट्टी. चेटर रात्री होडीतून बंदराच्या तळाचा ठाव घेत असे, अशी आख्यायिका आहे. १८८९ साली त्याने जेम्स जॉन्स्टन केझिकच्या जोडीने ‘हाँगकाँग लँड’ कंपनी काढली. त्याच्याच पुढाकाराने १८९० ते १९०४ या काळात किनाऱ्याला भराव पडला आणि सुमारे ६० एकर नवी जमीन वर आली. तिचा मोक्याचा भाग पेढ्या, क्लब आणि न्यायालय यांनी व्यापला. तिथला एक रस्ता आजही चेटरचे नाव सांगतो.

मला चुटपुट लागते ती निराळीच. हा भराव चालू असतानाच, १८९४ साली, जवळच्या ताइपिंगशान वस्तीत प्लेग शिरला. कोंदट खोल्यांत गरीब चिनी बिऱ्हाडे दाटीवाटीने राहत होती. त्यांचीच माणसे पटापट गेली. दोन वर्षांनी प्लेग आपल्या मांडवीत उतरला. तो हाँगकाँगहून जहाजांतून आला, असे बहुतेक जाणकार मानतात. म्हणजे तिथल्या अडचणीच्या खोल्यांची किंमत आपल्या चाळींनीही मोजली!

चेटर काही कद्रू नव्हता. आपल्या शाळेला त्याने सढळ हाताने देणगी दिली, चित्रांचा संग्रह हाँगकाँगला ठेवला. १९२६ साली तो वारला. पुढे महायुद्धात संग्रहाची वाताहत झाली. १९४६ साली त्याचा ‘मार्बल हॉल’ हा वाडाही जळाला. उरली ती जमीन.

भराव घालताना किती एकर निघाले, हे सगळेच मोजतात. त्यांवर कोण राहणार, हे मुंबईकराने तरी आधी विचारावे.