एकोणसाठ हजारांची रेघ

घाटकोपरच्या असल्फ्यात राहणारी, चार घरची धुणीभांडी करून महिन्याला आठ हजार मिळवणारी एकटी बाई आणि तिची दोन मुले. असे कुटुंब गरीब म्हणायचे की नाही? शिधावाटप कार्यालयाच्या हिशेबात ते गरीब नाही. अन्नसुरक्षा कायदा राज्यात फेब्रुवारी 2014 मध्ये लागू झाला, तेव्हा शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली 59,000 रुपये. महिन्याला पाच हजारही नाहीत. उपनगरात तेवढ्यात खोलीचे भाडेसुद्धा भागत नाही. या बाईचे वर्षाचे उत्पन्न 96,000, म्हणून कार्ड केशरी आणि धान्य बंद. आणखी एक घर धरले की कार्ड पांढरे होईल, कारण केशरी कार्डाची लाखाची मर्यादा 1 मे 1999 ची आहे.

बरे, रेघेच्या आत बसले तरी धान्य मिळेलच असे नाही. राज्यातल्या शहरी लोकसंख्येपैकी 45.34 टक्के लोकांनाच या कायद्याचा लाभ, आणि तीही लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतली. त्यामुळे मुलुंड असो की बोरिवली, नवा अर्ज घेऊन गेलेल्याला खिडकीवर ‘इष्टांक शिल्लक नाही’, म्हणजे ठरलेला कोटा भरला, हेच ऐकावे लागते.

या रेघेत सापडतो तो खरे सांगणारा. मरोळच्या कारखान्यातल्या कामगाराकडे पगाराची चिठ्ठी असते, त्याला आकडा लपवता येत नाही. रोखीने कमावणारा मात्र हवा तो आकडा लिहून देतो. गरिबांसाठी राखलेले धान्य श्रीमंतांनी लुटू नये म्हणून चाळणी लावली म्हणतात, पण त्या चाळणीतून गळतात ती कष्टाची माणसे.

मुंबईत 1943 साली रेशनिंग आले ते सगळ्यांसाठी. माणसांची वर्गवारी देशभर सुरू झाली 1997 मध्ये. तामिळनाडूने ती मानली नाही. तिथे तांदळाच्या कार्डावर उत्पन्न न विचारता तांदूळ मिळतो. आपल्याकडेही ‘मागेल त्याला काम’ देणाऱ्या रोजगार हमीने कुणाच्या दारिद्र्याचा दाखला मागितला नव्हता. उन्हात खडी फोडायला जो आला, तो गरजू. रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभ्या राहणाऱ्यालाही हाच न्याय लावता येतो.

राज्याला हे पटत नाही असेही नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डासकट सर्वांना खुली झाली, पाच लाखांपर्यंत. हृदयाच्या शस्त्रक्रियेला पांढरे कार्ड चालते आणि पाच किलो धान्याला केशरीही चालत नाही, ही विसंगती कुठल्याही तिजोरीच्या कारणाने समर्थनीय ठरत नाही.

पुढची जनगणना 2027 ची. तिच्या आकड्यांची वाट पाहत केशरी कार्डवाल्यांना ताटकळत ठेवू नये. टाळेबंदीत, मे आणि जून 2020 मध्ये, याच सरकारी यंत्रणेने केशरी कार्डावर माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी दिला होता. तेवढे तरी उपनगरांत पुन्हा सुरू करावे, आणि कायमचे.