लग्नाच्या आल्बममधली माणसे कोण आहेत?

आनंदीबाई जोशी यांचे एक छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. दिनांक १० ऑक्टोबर १८८५, स्थळ फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात आहेत: लुगडे नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबत इस्लामबूली. हा धागा त्या छायाचित्राबरोबरच्या नावांच्या ओळीविषयी आहे, आणि त्या निमित्ताने ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील आपल्या लग्नांच्या आल्बमविषयीही.

त्या ओळीत चुका आहेत. सबतचे 'ताबत' झाले आहे. आनंदीबाईंचे गाव म्हणून सेरामपूर दिले आहे आणि त्याचेही स्पेलिंग बिघडले आहे. सेरामपूर हे गोपाळरावांच्या टपालखात्यातील नोकरीचे ठिकाण. आनंदीबाई ज्या कल्याणात वाढल्या, त्याचा उल्लेखच नाही. तिघींच्या नावांमागे 'डॉक्टर' लावले आहे. आनंदीबाईंना मात्र पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये आणि उरलेल्या दोघींना त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे ही ओळ छायाचित्रानंतर लिहिली गेली असावी, असा तर्क करता येतो.

तरीही एवढ्या चुकांच्या त्या ओळीने तीन स्त्रियांना इतिहासात जागा मिळवून दिली. ती नसती तर आज त्या छायाचित्राला आपण 'पौर्वात्य पोशाखातील तीन तरुणी' म्हटले असते आणि पुढे सरकलो असतो. चुकीचे नाव पुढच्या अभ्यासकाला दुरुस्त करता येते. नावच नसेल तर त्याला कामाची सुरुवातही करता येत नाही.

नावाशिवाय काढलेल्या छायाचित्रांचे काय होते, हे आपल्याच परिसरात पाहता येते. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. आगगाडी कल्याणला पोहोचली तीही त्याच वर्षी. डॉ. नारायण दाजी (भाऊ दाजी लाड यांचे बंधू) आणि हरिचंद चिंतामण हे त्या पहिल्या पिढीतील भारतीय छायाचित्रकार. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन याने येथील निरनिराळ्या समाजांची छायाचित्रे घेतली आणि १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यातील शीर्षके मुख्यतः जातींची आणि समाजांची आहेत. समोर बसलेला माणूस कोण, त्याचे नाव काय, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेलेच नाही. माणसे एका जागी टिपायची आणि मुंबईतील एखाद्या दृश्यावर चिकटवायची, अशीही त्याची पद्धत होती. उपवन तलावाच्या काठी भाड्याच्या झग्यात धुराच्या नळकांड्या सोडून होणाऱ्या प्री-वेडिंग शूटला कोणी 'आजकालचे फॅड' म्हणाले की मला जॉन्सन आठवतो. खोटी पार्श्वभूमी आपल्याकडे छायाचित्रणाच्या सुरुवातीच्या दशकांपासून आहे. तिच्याविषयी माझी फारशी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. वसाहतकाळातील छायाचित्रकारांनी आपल्या माणसांची नावे गाळून त्यांचे नमुने केले, असे आपण परिसंवादांतून तावातावाने सांगतो. आणि घरच्या कपाटातील आल्बम उघडला की 'आजोबांच्या शेजारी कोणीतरी', 'ही बहुधा आजीकडची' असे म्हणत पाने उलटतो. जॉन्सनने परक्यांचे जे केले, ते आपण घरच्यांचे करीत आहोत.

आगरी-कोळी लग्नांत तर हे फार ठळकपणे जाणवते. कल्याण, भिवंडी, दिवा या पट्ट्यातील गावांतून लग्नाचे विधी धवले गाऊन पार पाडणारी धवलारीण ही परंपरेने त्या सोहळ्याची पुरोहितच. आल्बममध्ये ती असते कुठे? हळदीच्या एखाद्या छायाचित्राच्या कडेला, अर्धा खांदा आणि एक हात. नाव अर्थातच नाही. स्त्रियांच्या पौरोहित्याचा इतका जिवंत पुरावा आपण चौकटीबाहेर कापून टाकतो आणि ड्रोनने मांडवाचे छत टिपतो.

रंगाविषयीही थोडे सांगायला हवे, कारण जुनी छायाचित्रे वाचताना येथे हमखास फसगत होते. एकोणिसाव्या शतकातील काचेच्या प्लेटांना प्रामुख्याने निळा प्रकाश 'दिसे'. पिवळा कमी आणि लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे हळदीची पिवळी अष्टपुत्री काळपट उमटे, कुंकू काळे दिसे आणि सावळा चेहरा प्रत्यक्षाहून गडद होई. मग स्टुडिओतील कारागीर पेन्सिलीने काचेवरच चेहरा उजळून देत. आज तेच काम फिल्टर करतो. नवरीला दोन छटा गोरी करणारे छायाचित्र हे पुरावा म्हणूनही खोटे आणि माझ्या मते अपमानास्पदही.

म्हणून लग्नात कॅमेरा हाती असणाऱ्यांना, मग तो मोबाइलचा का असेना, काही सूचना. झगमगत्या पांढऱ्या पडद्यासमोर कॅमेरा उजेडाचा हिशोब पडद्यावरून करतो आणि चेहरे काळवंडतात. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड चेहऱ्यावरून ठरवा, फिल्टर लागणार नाही. घरातील वृद्धांना मंचावरच्या रंगीत दिव्यांखाली उभे करू नका. सभागृहाच्या खिडकीपाशी, उजेड एका बाजूने येईल असे बसवा. सुरकुत्या दिसतील, दिसू द्या. अंतरपाट दूर होतो तो क्षण सगळेच टिपतात, पण त्या वेळी दोन पावले मागे गेलात तर मामा, करवली, अक्षता टाकणारे शेजारी, भिंतीवरचे घड्याळ, सगळे चौकटीत येते. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला वधूवरांइतकेच त्या घड्याळाचेही मोल असेल. पंगत टिपा, आणि वाढप्यांनाही.

आणि नावे लिहा. सामूहिक छायाचित्र घेतल्यावर लगेच, माणसे पांगण्यापूर्वी, मोबाइलवर आवाज मुद्रित करा: मागची रांग, डावीकडून, एकेकाने आपले नाव आणि गाव सांगायचे. 'डावीकडून' म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडून, हेही त्यात बोलून ठेवा. छापील प्रतीच्या मागे बॉलपेन दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतो. जुन्या कागदावर मऊ पेन्सिल चालते. आजच्या गुळगुळीत कागदावर ती धरत नाही, तेव्हा पाकिटावर लिहा. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीसारखे पाठवले की ते आक्रसते आणि फाइलमधील तारीख-तपशील गळून जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास दोन्ही टिकतात. हजार फायली कोणी पाहत नाही. वीस निवडा, छापा, आणि प्रत्येकीखाली एक ओळ लिहा.

ती ओळ चुकली तरी चालेल. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला मात्र जुना आल्बम घेऊन या आठवड्यातच गाठा. जी नावे तिला आठवतील ती लिहून घ्या आणि जिथे ती अडखळेल तिथे प्रश्नचिन्ह करून ठेवा. यंदा आगरी-कोळी लग्नाला जाणार असाल, तर धवलारणीचे नाव तिलाच विचारा. ते कसे लिहायचे, तेही तिच्याच घरच्यांकडून तपासून घ्या.